दुपार कलल्यावर उजळणारा चेहरा

अमावास्येच्या रात्री यावल किंवा रावेर तालुक्यातल्या एखाद्या केळीच्या बागेत, लाईट गेलेली असताना, मधोमध उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना काळोख म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. डोक्यावर पानांत पाने शिरलेली असतात, पायाखाली ओल असते आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. तरीही भौतिकशास्त्राच्या मोजमापाने ती जागा अंधारी नव्हे. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री उघड्या शेतातल्या एका चौरस सेंटिमीटर जागेवर, केवळ तारकांमुळे आणि वातावरणाच्या वरच्या थरांच्या अंगभूत मंद दीप्तीमुळे, दर सेकंदाला प्रकाशाचे कोट्यवधी कण पडत असतात. बागेच्या छताखाली त्यांतले थोडेच पोचतात, पण ते थोडेही पुष्कळ असतात. हा हिशेब आधीच मांडण्याचे कारण असे की, ज्या उजेडाविषयी मला लिहायचे आहे तो याहून कितीतरी मंद आहे, आणि तो त्या काळोखात उभ्या असलेल्या माणसाच्या स्वतःच्या अंगातून निघत असतो.

जिवंत माणसाच्या त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला साधारण दहा ते हजार इतके प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतात. हा अलंकारिक अर्थाने सांगितलेला उजेड नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातलाच तो प्रकाश आहे, फक्त डोळ्यांना जाणवू शकेल त्याच्या सुमारे हजारपट कमी. त्याहून लक्षणीय बाब अशी की हा उजेड दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी तो मंद असतो, दुपार कलल्यावर वाढतो आणि रात्रीकडे पुन्हा उतरतो. हे जपानमधील संशोधकांनी २००९ साली छायाचित्रांसह दाखवून दिले. त्यांनी ते कसे मोजले आणि त्यातून काय म्हणता येते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण या विषयावर जितके कुतूहल आहे तितकाच गैरसमजही आहे.

प्रथम हा उजेड म्हणजे अंगाची ऊब नव्हे, हे स्पष्ट करायला हवे. आपले शरीर उष्णता सतत बाहेर टाकते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात असते. करोनाच्या काळात कपाळासमोर धरले जाणारे तापमापक याच किरणांवर चालत. ते किरण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असतात, तर आपल्याला दिसणारा प्रकाश ०.७ मायक्रोमीटरच्या आतच संपतो. लोखंड तापवले की ते आधी लाल, मग पिवळे दिसते, पण त्यासाठी शेकडो अंशांचे तापमान लागते. ३७ अंशांच्या शरीरातून निव्वळ उष्णतेमुळे हिरव्या प्रकाशाचा एक कण बाहेर पडण्याची वाट पाहायची म्हटली तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. तेव्हा त्वचेतून सेकंदाला शेकडो दृश्य प्रकाशकण येत असतील तर ते उष्णतेतून येत नाहीत. त्यांचा उगम दुसरीकडे शोधला पाहिजे.

काजव्याचे उदाहरण चटकन आठवते, पण तेही इथे लागू पडत नाही. काजव्याच्या पोटाशी प्रकाश निर्माण करणारा खास अवयव असतो. त्यात ल्युसिफेरिन नावाचे रसायन आणि ते जाळणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते, आणि जोडीदाराला खूण करण्यासाठी काजवा तो उजेड मुद्दाम पाडतो. माणसाच्या अंगात अशी कोणतीही सोय नाही. आपला उजेड कुणासाठी नसतो आणि कशासाठी नसतो. पेशींचे काम चालू असताना तो सांडतो.

तो सांडतो कसा, हे समजायला आपल्याकडच्या चुलीपर्यंत जावे लागेल. थंडीत शेतात भरीत करायचे ठरले की पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजली जातात. त्या जाळात काड्यांमधला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि ऊर्जा एकदम बाहेर पडते. आपण खाल्लेली कळण्याची भाकरीही शेवटी ऑक्सिजनशीच जोडली जाते, पण शरीर तो जाळ एकदम होऊ देत नाही. पेशींमधल्या तंतुकणिकांत, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, पायरीपायरीने खाली उतरवले जातात आणि सर्वांत शेवटी ते ऑक्सिजनच्या स्वाधीन करून त्याचे पाणी केले जाते. प्रत्येक पायरीवर सुटलेली थोडी ऊर्जा पेशी साठवून घेते. ही व्यवस्था अतिशय चोख आहे, परंतु पूर्ण निर्दोष नाही. काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला अवेळी जाऊन चिकटतात. त्यातून ऑक्सिजनची अतिशय तापट अशी रूपे तयार होतात. ती शेजारी जे सापडेल, प्रथिन असो, स्निग्ध पदार्थ असो, त्याच्याशी अभिक्रिया करत सुटतात.

पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवर त्यांचा मारा होतो तेव्हा जे घडते ते प्रत्येक स्वयंपाकघरात घडलेले असते. शेंगदाण्याचे तेल बरेच दिवस उघडे राहिले की ते खवट होते. खवट होणे म्हणजे तेलाच्या रेणूंनी हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळीने बिघडत जाणे. हीच साखळी पेशीच्या पटलात अगदी थोड्या प्रमाणात सतत चालू असते, आणि शरीरातील प्रतिऑक्सिडक द्रव्ये, म्हणजे अँटिऑक्सिडंट, व विकरे तिला जागोजागी तोडत असतात. या साखळीत मधूनच दोन बिघडलेले रेणू एकमेकांवर आदळतात व तुटतात, आणि तुटताना एखादा तुकडा जास्तीची ऊर्जा घेऊन उत्तेजित अवस्थेत जन्माला येतो. असा तुकडा फार काळ तसा राहू शकत नाही. बहुतेक वेळा तो आपली ऊर्जा धक्क्याधक्क्याने, उष्णतेच्या रूपात देऊन टाकतो. पण क्वचित, फार क्वचित, ती एका प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. उत्तेजित कार्बोनिल नावाच्या तुकड्यांतून निळसर-हिरवट कण निघतात, तर उत्तेजित ऑक्सिजनकडून तांबडे आणि अवरक्त. त्यांतले निळे-हिरवे कण आपले रक्त वाटेतच बरेचसे शोषून घेते, म्हणून त्वचेबाहेर येणाऱ्या उजेडात पिवळ्या-तांबड्याकडचा भाग जास्त असतो.

म्हणजे पेशींच्या शिस्तशीर जळणातून चुकार निघालेल्या ठिणग्या, असे या उजेडाचे स्वरूप आहे. मला स्वतःला ही कल्पना कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते. आपण श्वास घेतो, जेवतो, आणि त्या दोन्हींचा मेळ बसताना जी थोडी सांडलवंड होते ती प्रकाशाच्या रूपात त्वचेतून बाहेर पडते, हे खरे असणे पुरेसे आश्चर्यकारक आहे.

मग तो दिसत का नाही? हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. पहिली पायरी साध्या गणिताची आहे. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरू आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला १०० कण निघतात असे समजू. एकूण ४०,००० कण झाले. ते समोरच्या सर्व दिशांना पसरतात. आपण एक मीटर अंतरावर बसलो असू, तर त्या अंतरावर ते सुमारे ६३,००० चौरस सेंटिमीटरच्या अर्धगोलावर विखुरलेले असतील, आणि अंधारात पूर्ण उघडलेल्या आपल्या बाहुलीचे क्षेत्रफळ असते फार तर ०.४ चौरस सेंटिमीटर. हिशेब केला तर दर दोन-चार सेकंदांना जेमतेम एखादा कण आपल्या डोळ्यात शिरतो, आणि शिरलेल्यांपैकी बरेच दृष्टिपटलापर्यंत पोचण्याआधीच वाया जातात.

दुसरी पायरी अधिक उद्बोधक आहे. मानवी डोळा अतिशय संवेदनशील आहे. हेख्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर एका क्षणी पाच ते चौदा कण शोषले गेले तरी माणसाला चमक जाणवू शकते. दृष्टिपटलावरची एकेक दंडपेशी तर एका कणालाही प्रतिसाद देते. पण याच पेशी ३७ अंशांच्या उबेत काम करतात, आणि त्या उबेमुळे त्यांच्यातले दृष्टिरंजक, म्हणजे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य, अधूनमधून प्रकाश नसतानाही आपोआप रूप पालटते आणि खोटा इशारा देते. एका पेशीच्या बाबतीत हे क्वचित घडते; परंतु डोळ्यात अशा सुमारे बारा कोटी पेशी असल्याने खोट्या इशाऱ्यांचा एक अखंड गलका चालू असतो. त्या गलक्यात दोन-चार सेकंदांनी येणाऱ्या एका खऱ्या कणाची हाक ऐकू येणे अशक्य आहे. मेंदू म्हणूनच एकट्यादुकट्या इशाऱ्याकडे लक्ष देत नाही. थोड्याशा जागेत, सेकंदाच्या दहाव्या भागात, अनेक इशारे एकत्र आले तरच तो त्याला उजेड मानतो.

हीच अडचण कॅमेऱ्यालाही येते आणि तिथे ती सोडवता येते. कॅमेऱ्याच्या संवेदकातही उष्णतेमुळे खोटे इशारे निर्माण होतात. संवेदक जितका थंड करावा तितके ते कमी होतात. डोळा थंड करता येत नाही आणि वीस मिनिटे एकच दृश्य साठवूनही ठेवता येत नाही. कॅमेऱ्याला या दोन्ही गोष्टी शक्य आहेत. जपानी संशोधकांनी वापरलेल्या कॅमेऱ्याचा संवेदक उणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला होता.

मात्र तिथपर्यंतची वाट बरीच लांब होती, आणि ती कांद्यापासून सुरू झाली. अलेक्झांडर गुरविच या रशियन शास्त्रज्ञाने १९२३ साली असे जाहीर केले की, कांद्याच्या एका मुळीचे टोक दुसऱ्या मुळीच्या कडेला रोखून धरले तर त्या बाजूच्या पेशींचे विभाजन वाढते. मध्ये साधी काच धरली तर परिणाम नाहीसा होतो, गारेची म्हणजे क्वार्ट्झची धरली तर राहतो. त्यावरून पेशी अतिनील किरण सोडत असाव्यात, असा त्याने निष्कर्ष काढला. इतर प्रयोगशाळांना तसेच परिणाम खात्रीने मिळेनात आणि पुढील दोन दशकांत हा विषय बदनाम झाला. नंतर प्रकाशाचा एकेक कण मोजणारी नळी हाती आली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास इटलीत कोली व फाकिनी यांच्या गटाने अंकुरणाऱ्या बियांमधून येणारा मंद प्रकाश प्रत्यक्ष मोजला. १९७० च्या दशकात फ्रिट्झ-आल्बर्ट पॉप या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला बायोफोटॉन हे नाव लोकप्रिय केले. पेशी या प्रकाशातून एकमेकींशी बोलतात, असे त्याचे म्हणणे होते. उजेड आहे, हे आता निर्विवाद आहे. पेशी त्यातून बोलतात, हे मात्र सर्वमान्य होईल इतक्या पुराव्याने सिद्ध झालेले नाही. या दोन विधानांत गल्लत होऊ न देणे फार आवश्यक आहे आणि दुर्दैवाने तीच गल्लत सर्वांत जास्त होते.

आता त्या मुख्य प्रयोगाकडे येऊ. सेंदाई येथील तोहोकु इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे मासाकी कोबायाशी, त्यांचे सहकारी दाइसुके किकुची आणि शरीरातील घड्याळावर दीर्घकाळ काम केलेले क्योतो विद्यापीठाचे हितोशी ओकामुरा यांनी तो केला आणि जुलै २००९ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विशीतले पाच निरोगी तरुण त्यासाठी निवडले होते. प्रकाशाचा लवलेश शिरणार नाही अशा खोलीत त्यांना एकेक करून उघड्या अंगाने, कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटे स्तब्ध बसवले जाई. त्वचेवर आधी पडलेला उजेड ती काही काळ धरून ठेवते व हळूहळू परत सोडते, त्यामुळे अशा मोजणीत अंधार हा नुसता खोलीचा असून भागत नाही, अंगालाही त्याची सवय व्हावी लागते. सकाळी १० वाजल्यापासून रात्री १० वाजेपर्यंत, दर तीन तासांनी, असे तीन दिवस ही छायाचित्रे घेण्यात आली.

तीन तास हे अंतर वाचताना मला आपल्या घरातली वडीलधारी माणसे आठवली. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे आठ प्रहर त्यांच्या बोलण्यात सहज असत, आणि एक प्रहर म्हणजे तीन तास. घड्याळ न पाहता ‘दिवस कलला’ म्हणणाऱ्या त्या पिढीला हा आलेख लगेच समजला असता. सकाळच्या दहा वाजताच्या चित्रात चेहरे सर्वांत मंद होते. दुपारी एकला ते वाढले. दिवसाच्या चौथ्या प्रहरात, चार वाजता, उजेड सर्वाधिक भरला. त्यानंतर सात आणि दहा वाजताच्या चित्रांत तो क्रमाने उतरत गेला. शरीराच्या सर्व भागांचा उजेडही सारखा नव्हता. धडापेक्षा चेहरा अधिक उजळ होता, आणि चेहऱ्यात गाल सर्वांत पुढे. चेहऱ्याची त्वचा उन्हात असते, तिच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असते आणि या उजेडात त्याचाही वाटा असावा, असे संशोधकांनी सुचवले आहे.

त्याच वेळी त्यांनी त्वचेच्या उष्णतेचीही चित्रे घेतली. हा या प्रयोगातला मला सर्वांत पटणारा भाग आहे, कारण उष्णतेचे चित्र आणि उजेडाचे चित्र एकमेकांशी जुळले नाही. जी जागा जास्त ऊबदार ती जास्त उजळ, असे दिसले नाही. हा उजेड अंगाच्या तापमानाचे नुसते प्रतिबिंब असता तर दोन्ही चित्रे सारखी आली असती.

तिसरी मोजणी लाळेची होती. लाळेतून कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण मोजता येते. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येते, जाग येण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि दिवसभर उतरत जाते. संशोधकांना असे आढळले की कॉर्टिसॉल आणि उजेड यांचे नाते उलटे आहे: एक जास्त तेव्हा दुसरा कमी. यावरून काही ठिकाणी ‘कॉर्टिसॉल कमी झाल्यामुळे चेहरा उजळतो’ असे लिहिले गेले, पण तसा अर्थ काढणे घाईचे आहे. दोन गोष्टी एकाच घड्याळाने चालत असतील तर त्यांची चाल जुळलेली किंवा उलटी दिसेलच. म्हणून एकीने दुसरी घडते असे होत नाही. शिवाय कॉर्टिसॉल मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते, आणि उजेड मात्र चारनंतर स्वतःही उतरू लागतो. एवढ्या एका गोष्टीवरूनही लक्षात यावे की कॉर्टिसॉल हे संपूर्ण उत्तर असू शकत नाही.

संपूर्ण उत्तरासाठी त्या घड्याळाकडेच पाहावे लागते. झां-जाक दॉर्तू द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले आणि पाहिले की, सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. वेळ बाहेरून कळत नव्हती, ती झाडात होती. माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे वीस हजार चेतापेशींच्या एका छोट्या पुंजक्यात असते. त्याची यंत्रणा पेशीच्या आत आहे. विशिष्ट जनुके प्रथिने बनवण्याचा हुकूम देतात, ती प्रथिने साचत जातात, पुरेशी साचली की ती परत येऊन त्याच जनुकांना थांबवतात, मग हळूहळू ती मोडून संपतात आणि जनुके पुन्हा सुरू होतात. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन पाणी बंद करतो आणि पाणी उतरले की पुन्हा सोडतो, तसेच हे. फक्त एका भरण्या-उतरण्याला जवळपास चोवीस तास लागतात. फळमाशीत ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे घड्याळ एकट्या मेंदूत नसते. यकृतात, स्नायूंत, त्वचेतही ते असते, आणि मेंदूतले घड्याळ त्या सगळ्यांना एका तालावर ठेवते. पेशीने किती इंधन जाळायचे, कोणती विकरे केव्हा बनवायची, तापट ऑक्सिजनला आवर घालणारी द्रव्ये कधी वाढवायची, यावरही या घड्याळांचा अंमल चालतो. शरीराच्या आतले तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलल्यानंतर, संध्याकाळकडे सर्वांत जास्त असते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जळण त्या वेळी जोरात असेल तर ठिणग्याही जास्त उडणार. चार वाजताचा उजळ चेहरा हा असा पेशींच्या कामाच्या चढउताराचा बाहेर दिसणारा माग आहे, हा अर्थ सर्वांत सयुक्तिक वाटतो.

तरी या प्रयोगाची मर्यादा विसरून चालणार नाही. पाच माणसे, सगळे तरुण, सगळे पुरुष. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकात शब्दही मोजून वापरला आहे: ‘दैनिक लय’. घड्याळावर अवलंबून असलेली लय आणि दिवसभरातल्या हालचाली, जेवण, ऊन यांमुळे दिसणारी लय या दोन्ही त्या शब्दात मावतात.

इतके काळजीपूर्वक लिहिण्यामागे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी भरलेल्या एका प्रदर्शनात माझ्या मावशीने ‘तेजोवलयाचा फोटो’ काढून घेतला. पैसे घेऊन तिच्या हाती एक रंगीत चित्र देण्यात आले आणि पोटाजवळच्या पिवळ्या रंगावरून यकृतात दोष असल्याचे सांगण्यात आले. पुढचे तीन महिने ती त्या चित्राच्या धास्तीत राहिली आणि मधुमेहाच्या गोळ्या सोडून तिथून आणलेली चूर्णे घेत बसली. अशा चित्रांना आधार म्हणून हल्ली याच जपानी प्रयोगाचे नाव घेतले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या प्रकाशाला उणे १२० अंशांचा कॅमेरा, ठार अंधारी खोली आणि वीस मिनिटे लागतात तो दिव्यांनी उजळलेल्या तंबूत एका क्षणात टिपला जाऊ शकत नाही. अशी बहुतेक यंत्रे तळहाताच्या त्वचेतून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतात आणि त्या आकड्यानुसार संगणक चित्रावर रंग चढवतो. घामेजलेला हात पुसून पुन्हा ठेवला तर रंग बदलू शकतो. रशियात १९३९ साली किर्लियन यांनी शोधलेल्या छायाचित्रणातही बोटाभोवती दिसणारे वलय उच्च दाबाच्या विजेमुळे हवेत उठणाऱ्या स्फुरणाचे असते. तसे वलय नाण्याभोवतीही येते आणि नाणे काही जिवंत नसते.

याउलट, जिवंत असण्याचा आणि या उजेडाचा खरा संबंध कसा तपासला जातो हे कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली दाखवले. त्यांनी उंदरांचे जिवंतपणी तासभर आणि मृत्यूनंतर तासभर असे मोजमाप घेतले आणि मृत्यूनंतरही शरीर ३७ अंशांवरच ठेवले, म्हणजे ऊब तीच राहील आणि फरक पडलाच तर तो जीवनक्रियेचा असेल. उजेड ठळकपणे घटला. त्याच अभ्यासात झाडांची पानेही होती. पान जिथे चिरले होते तो भाग उरलेल्या पानापेक्षा अधिक उजळ दिसला आणि मोजणी चालली त्या सोळाही तासांत उजळच राहिला. जखमेशी तापट ऑक्सिजनची उत्पत्ती वाढते, हे त्यामागचे कारण. केळीचे पान वाऱ्याने फाटते तेव्हा त्या फाटीच्या काठाशीही हेच रसायन चालत असणार.

या सगळ्याचा उपयोग काय, असे मला यावलकडे केळी लावणाऱ्या माझ्या मामेभावाने विचारले. तो हे विचारतो त्याला कारण आहे. त्याच्या शिवारात कृषिपंपाची लाईट वर्षानुवर्षे पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तो बारापासून पहाटेपर्यंत बागेत पाणी धरतो आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा दिवसावर येतो. भुसावळला रेल्वेत गाड्या चालवणारे, दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीने जाणारे हजारो लोक याच फेऱ्यातून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला आहे. कोणाच्या शरीराचे घड्याळ कितीने सरकले आहे हे मोजायचे तर आज दर काही तासांनी रक्त किंवा लाळ घ्यावी लागते. अंगाला हात न लावता, नुसत्या चित्रावरून ते कळू शकले तर मोठी सोय होईल. ती सोय अजून दवाखान्यात आलेली नाही. लागणारा कॅमेरा महाग आहे आणि तसा अंधार करणे त्याहून अवघड.

“मग दादा, रात्री दोन वाजता मी बांधावर उभा असतो तेव्हा माझा उजेड किती?” त्याने विचारले.

मी त्याला सांगितले की ज्या आलेखाबद्दल मी बोलत होतो तो दिवसा जागणाऱ्या पोरांचा, सकाळी दहा ते रात्री दहाचा आहे. त्यावरून त्याचा आकडा काढता येणार नाही. पण शरीराचे घड्याळ नव्या वेळेला दिवसाला साधारण तासभरच सरकते. तीन-चार दिवसांची रात्रपाळी संपेपर्यंत ते जेमतेम तीन-चार तास पुढे गेलेले असते, तोच दिवसाची पाळी सुरू होते आणि त्याला मागे फिरावे लागते. तेव्हा तो रात्री दोनला बागेत असला तरी त्याच्या पेशींचा चौथा प्रहर बहुधा तेव्हा नसतो. तो दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळी केव्हातरी, मामेभाऊ बागेत जाण्याच्या कितीतरी आधी होऊन जात असणार.